काळा घोडा आणि दुसरा वजीर

माझं काम अक्षरांचं. बडोद्याच्या रावपुऱ्यात दोन खोल्यांचं दुकान आहे, तिथे लेबलं, खोकी, दुकानांच्या पाट्या आणि हंगामात लग्नपत्रिका करतो. गिऱ्हाइकाला नाव सुचवणं माझ्या दरपत्रकात नाही. पण खोक्यावर छापायचं काय हेच ठरलेलं नसेल तर खोकं अडतं, आणि या प्रकरणात, म्हणजे बुद्धिबळाचे संच बनवणाऱ्या एका घरगुती धंद्याचं नाव ठरेपर्यंत, ते चार महिने अडलं. नंतर दोन-तीन कारागिरांनी मला याबद्दल विचारलं. दर वेळी गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागली, म्हणून एकदाची लिहून काढतो.

गिऱ्हाईक म्हणजे दांडिया बाजारातलं एक मराठी घर. खरी नावं देत नाही. घरात त्यांना दादा आणि ताई म्हणतात, मीही तेच म्हणेन. दादांनी वीस वर्षं मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात ड्रॉइंगच्या टेबलावर काढली. त्यांच्या धाकट्या बहिणीकडे, म्हणजे ताईंकडे, हिशेब, फोन आणि कुरियर. तिसरे भागीदार नाहीत, पण तिसऱ्या माणसाशिवाय धंदा नाही असे एक खरादी, म्हणजे लेथवर लाकूड उतरवणारे कारागीर, आहेत, संखेड्याकडचे. त्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या पाळण्याचे आणि झोपाळ्याचे लाखकाम केलेले पाय उतरवले जातात. राजा, वजीर, उंट, हत्ती आणि प्यादी ते लेथवर उतरवतात. पांढऱ्या बाजूला हळदू, काळ्या बाजूला शीशम. घोडा मात्र लेथवर होत नाही. त्याची बैठक तेवढी लेथवर, डोकं पटाशीने कोरावं लागतं, आणि ते काम दादा स्वतःकडे ठेवतात. बत्तीस सोंगट्यांत घोडे चारच, पण गिऱ्हाईक खोकं उघडल्यावर आधी घोडाच उचलतं. मी स्वतः तेच केलं होतं.

माल तयार होता. राजा 9.5 सेंटिमीटर, जागतिक संघटना फिडे स्पर्धेसाठी सुचवते तेवढा. बैठकीचा व्यास उंचीच्या 40 ते 50 टक्क्यांत. बुडाशी वजन, खाली हिरवं फेल्ट. पहिले बारा संच ओळखीत गेले होते, बिनानावाचे, जुन्या साडीच्या खोक्यांतून. तेरावा संच पुण्याला पाठवायचा होता. घेणाऱ्याने विचारलं, “बिलावर फर्मचं नाव काय टाकू?” ताईंनी फोन धरून ठेवला आणि दादांकडे बघितलं. दादांनी माझ्याकडे पाठवलं.

पहिली यादी

मराठीत ‘नाव ठेवणं’ आणि ‘नावं ठेवणं’ यांत एका अनुस्वाराचं अंतर आहे. पहिल्या रविवारी त्यांच्या ओसरीवर आम्ही पहिलं करायला बसलो आणि दुसरं करून उठलो. डेअरीच्या कॅलेंडरच्या पाठीवर एक्केचाळीस नावं जमली होती. त्यातली निम्मी रॉयल, किंग, चेकमेट, ग्रँड, मास्टर या पाच शब्दांची अदलाबदल होती. ती मी न बोलता खोडली. दुकानाच्या पाट्या रंगवून एवढं तरी कळतं की जे नाव समोरच्या माणसाला तुम्ही सांगायच्या आधीच सुचतं, ते तुमचं कधीच होत नाही.

मामांनी शिवाजी महाराजांच्या नावाचा आग्रह धरला. ते भावनेने बोलत होते, म्हणून कायद्याची गोष्ट मला हळू आवाजात सांगावी लागली. बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराला आळा घालणारा 1950 चा कायदा आहे आणि त्याच्या अनुसूचीत महाराजांचं नाव आहे. धंद्याला ते वापरता येत नाही. ‘गायकवाडी’ हा शब्दही निघाला. राजघराण्याशी संबंध आहे असं उगाच सुचवतो, म्हणून तो दादांनीच बाजूला केला.

आता उरलेल्यांपैकी जी नावं खरोखर चांगली होती, ती कशी पडली ते सांगतो. माझ्याकडे एक साधी कसोटी आहे. मांडवीच्या गर्दीत उभं राहून फोन करायचा, नाव एकदाच उच्चारायचं आणि पलीकडच्या माणसाला ते लिहून परत वाचायला सांगायचं. आम्ही चार माणसं ठरवली: घरातली आत्या, संखेड्याचे खरादीभाई, कुरियरचा हिंदी बोलणारा मुलगा आणि मुलांना इंग्रजीतून बुद्धिबळ शिकवणारे एक कोच. बडोद्यात धंदा करायचा तर नाव या चारही तोंडांतून सुखरूप बाहेर पडायला हवं.

‘बुद्धिबळ’ हा आपला घरचा शब्द. आत्याला अर्थातच कळला. गुजराती माणूस मात्र चेस म्हणतो नाहीतर शतरंज, आणि बुद्धिबळ म्हणजे त्याच्या लेखी बुद्धीचं बळ. खरादीभाईंच्या मुलीने विचारलं, क्लासची फी किती?

‘कातीव’ मला मनापासून आवडलं होतं. लेथवर लाकूड उतरवणं म्हणजे आपल्या जुन्या भाषेत कातणं, ते करणारा कातारी, आणि उतरवलेलं ते कातीव. कुरियरच्या मुलाने ‘कातिल’ लिहिलं. खरादीभाईंना ‘कातारी’ ऐकवलं तर त्यांना कटारी ऐकू आली. वर पुढे वकिलांनी सांगितलं की कातीव वस्तूला ‘कातीव’ म्हणणं हे वर्णन झालं, नाव नाही. मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

‘अडीच घरं’ हे घोड्याच्या चालीवरून. मराठीला अर्ध्यामुर्ध्या आकड्यांचं प्रेमच आहे: साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठं, पेशवाईतले साडेतीन शहाणे. पण मराठीत अडीच, गुजरातीत अढी, हिंदीत ढाई, म्हणजे एकाच धंद्याची तीन नावं. शिवाय ताईंच्या शेजारणीने सरळ विचारलं, “नवी स्कीम का? कुठे, वाघोडिया रोडला?”

‘आठवं घर’ची सूचना पुण्याच्या भाच्याची. प्यादं पटाच्या शेवटच्या, आठव्या ओळीत पोहोचलं की बढती मिळते, बहुधा त्याचा वजीर होतो, म्हणून. कल्पना सुंदर होती. आत्यांनी हातातली वाती वळायची थाळी खाली ठेवली. “कुंडलीतलं आठवं घर कशाचं ते ठाऊक आहे ना? मृत्युस्थान. दुकानावर लावताय?” विषय संपला.

‘प्यादेमात’ जवळजवळ ठरलंच होतं. जुन्या खेळात प्याद्याने दिलेली मात सगळ्यात मानाची, आणि आठ-आठ प्यादी उतरवणाऱ्या माणसाच्या धंद्याला हे नाव शोभलं असतं. पण रोमन अक्षरांत ‘मात’ची ‘मॅट’ झाली. कोच म्हणाले, योगा मॅट विकता का? कुरियरच्या मुलाने हिंदीत वाचलं, ‘प्यादे मत’. प्याद्यांना कशाची मनाई केली आहे असं वाटावं.

काळा घोडा

या नावावर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला. ते चुकीचं नव्हतं, म्हणूनच गेला.

बडोद्यात राहणाऱ्याला समजावायला नको. सयाजीबागेच्या तोंडाशी महाराज सयाजीरावांचा अश्वारूढ पुतळा आहे आणि त्यावरून त्या चौकालाच कालाघोडा म्हणतात. दादांचा घोडा तिथूनच आलेला. सायकलवरून कारखान्यात जाताना वीस वर्षं रोज त्या मानेचा बाक बघितलेला माणूस पटाशी हातात घेतो तेव्हा दुसरं काय कोरणार? त्यांच्या घोड्याची मान सरळ उभी असते, हनुवटी आत ओढलेली. नेहमीच्या संचातला घोडा रागाने नाकपुड्या फुगवून बघतो, तसा हा बघत नाही. आणि पटावर काळा घोडा असतोच. शहर, खेळ आणि हात असे तीन धागे एका नावात आले होते. चारही तोंडांतून ते नाव न अडखळता निघालं. खरादीभाई तर हसून म्हणाले, “हं, आ फावशे.” म्हणजे हे जमेल.

मग कोचनी विचारलं, “मुंबईत ऑफिस आहे का तुमचं?”

मुंबईचा काळा घोडा बडोद्याच्या घोड्यापेक्षा लांबवर ऐकू जातो. तिथला मूळ पुतळा 1965 मध्ये हलवला, घोडा गेला तरी नाव राहिलं, आणि 2017 मध्ये पाठीवर स्वार नसलेला नवा घोडा उभा केला. कलादालनं, दुकानं, दर वर्षीचा कलामहोत्सव हे सगळं त्या नावाभोवती. बडोद्याबाहेरच्या गिऱ्हाइकाने ते नाव शोधलं तर त्याला आधी मुंबई सापडणार, मग परत मुंबई, आणि आम्ही कुठेतरी तळाशी. दादांना हे पटेना. “घोडा माझा आहे,” एवढंच ते म्हणत राहिले. खरंच होतं, घोडा त्यांचा होता. नाव नव्हतं.

मला त्या आठवड्यात स्टाँटन आठवला. बुद्धिबळाचा कुठलाही बरा संच घ्या, त्याला स्टाँटन म्हणतात. त्याचा आराखडा लंडनमध्ये 1 मार्च 1849 रोजी नोंदवला नॅथॅनियल कुक यांनी. बनवून विकला जॅक्स या कारखान्याने. हॉवर्ड स्टाँटन हे त्या काळातले मोठे खेळाडू आणि वर्तमानपत्रात बुद्धिबळावर लिहिणारे, त्यांनी फक्त आपलं नाव आणि शिफारस दिली. नोंदणीचं संरक्षण तीन वर्षांत संपलं. आज अमृतसरपासून कुठेही कुणीही स्टाँटन संच बनवतो आणि तसा विकतो. कुक कोण होते हे खेळणाऱ्यांनाही माहीत नसतं. दुसरं उदाहरण 1950 च्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडचं. ते दुब्रोवनिकला झालं, त्यासाठी खास घडवलेल्या संचाला त्या गावाचं नाव पडलं, आणि आता कितीतरी ठिकाणचे कारागीर ‘दुब्रोवनिक’ बनवतात.

यातून मला जे दिसलं ते मी दादांना असं सांगितलं: नमुन्याचं नाव आणि धंद्याचं नाव ही दोन वेगळी माणसं आहेत. नमुन्याचं नाव लोकांच्या तोंडी जातं आणि मग ते लोकांचं होतं, ते परत मागता येत नाही. म्हणून काळा घोडा नमुन्याला द्या. उद्या दुसरा घोडा कोराल, त्याला दुसरं नाव येईल. खोक्याच्या झाकणावर जे येईल ते मात्र असं हवं की घोडा बदलला तरी ते बदलायला नको.

दादा तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी ताईंचा निरोप आला, पुढचं बघा.

खोक्याचे खण

पुढचं नाव कॅलेंडरच्या पाठीवर नव्हतं. मी खोक्याच्या आतल्या खणांचं माप घेत होतो आणि बत्तीस खण आखले होते. दादांनी पेन्सिल घेतली आणि वरच्या कोपऱ्यात दोन खण वाढवले.

“चौतीस?”

“वजीर दोन-दोन. प्यादं पोहोचलं आणि पहिला वजीर जिवंत असला तर काय लावायचं?”

आपण सगळ्यांनी काय लावलंय ते आठवून बघा. उलटा हत्ती, शर्टाचं बटण, बाटलीचं बूच, आमच्याकडे एकदा चिंचोका. स्पर्धेत उलटा हत्ती ठेवला तर तो हत्तीच धरतात, वजीर नाही, आणि पोराचा डाव तिथेच बिघडतो. चांगल्या संचात म्हणूनच जादा वजीर देतात. स्वस्त संचात तो नसतो, कारण वजीर उतरवायला वेळ लागतो. माथ्यावरचा तो दातेरी मुकुट एकेक दाता करून काढावा लागतो. दादा तो देतच होते, पहिल्या बारा संचांतही दिला होता. कुणी मागितला नव्हता.

ताई दारातून म्हणाल्या, “मग तेच ठेवा की. दुसरा वजीर.”

पहिला विरोध घरातूनच आला. मामा म्हणाले, दुसरा म्हणजे दोन नंबर, कोण घेईल? शेजारचे एकजण दुसऱ्या बायकोवरून जे बोलले ते लिहीत नाही. त्यांच्यापेक्षा जाणता विरोध आजोबांचा. त्यांचं वय नव्वदीच्या घरातलं, आणि ते देशी बुद्धिबळ खेळलेले. “आमच्या खेळात दुसरा वजीर नसतोच,” ते म्हणाले. “प्यादं ज्या पट्टीत पोहोचेल तिथलं मोहरं मिळतं, तेही आधी मेलेलं असेल तर. जिवंत वजिराशेजारी दुसरा वजीर, हा विलायती खेळ.” म्हातारा बरोबर होता. मीर सुलतान खान अशाच देशी नियमांवर वाढले, नंतर विलायती नियम शिकले, आणि 1929, 1932, 1933 अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदं जिंकून आले. दादांनी उत्तर दिलं ते मला आवडलं: “आबा, राजा पण विलायतीच उतरवतोय. मग वजिराने काय पाप केलं?” आजोबांनी मान हलवली. होकार की नकार, ते कळलं नाही. ताईंनी तो होकार धरला.

फोनची कसोटी पुन्हा केली. ‘वजीर’ मराठीत, गुजरातीत, हिंदीत एकच. ‘दुसरा’ गुजरातीत बीजो असला तरी हिंदीमुळे सगळ्यांना कळतो. कोचनी एका दमात लिहिलं आणि विचारलं, “जादा क्वीन देता म्हणून?” जो प्रश्न विचारायला हवा होता तोच त्यांनी विचारला. रोमन अक्षरांचा मात्र घोळ झाला. व्ही की डब्ल्यू, झेड की जे? चार माणसांनी तीन प्रकारे लिहिलं. आम्ही व्ही आणि झेड धरलं. वेबसाइटचा पत्ता त्या अक्षरांनी घेतला, आणि डब्ल्यूवालाही घेऊन पहिल्याकडे वळवून ठेवला. वर्षाला थोडे पैसे जातात, पण चुकलेलं गिऱ्हाईक परत येतं.

वकिलाकडे

अलकापुरीतल्या वकिलांनी दोन गोष्टी तपासल्या. ट्रेड मार्क कायदा 1999 चा. त्याच्या कलम 9 मध्ये वस्तूचं नुसतं वर्णन करणारी नावं अडतात, आणि कलम 11 मध्ये आधीच्या नावाशी मिळतीजुळती. ‘वजीर’ हा एकटा शब्द बऱ्याच जणांचा आवडता, त्यामुळे त्यावर हक्क सांगायच्या फंदात पडू नका, असं ते म्हणाले. ‘दुसरा वजीर’ मिळून मागा, त्याच अक्षरलेखनासह. खेळ आणि खेळणी वर्ग 28 मध्ये येतात. दुकानदारीचा वर्ग 35, तो पुढे बघू. ऑनलाइन अर्जाला एका वर्गाचे 4500 रुपये, कारण अर्ज ताईंच्या एकटीच्या नावाने आहे, कंपनीला याच्या दुप्पट पडतात. गुजरातचे अर्ज अहमदाबादच्या कार्यालयात जातात. परीक्षकाने आक्षेप काढला तर उत्तराला तीस दिवस, नंतर ट्रेड मार्कच्या सरकारी पत्रिकेत छापून आल्यावर चार महिने कुणालाही विरोध करता येतो, आणि मिळालं तर दहा वर्षांसाठी. ‘संखेडा’ हा शब्द खोक्यावर मोठा टाकायची दादांची इच्छा होती, खरादीभाईंच्या मानासाठी. पण संखेड्याच्या फर्निचरला भौगोलिक मानांकन आहे, ते नाव त्या नोंदणीखाली येणाऱ्यांचं. आत चिठ्ठीत ‘लेथकाम संखेड्याच्या खरादींचं’ एवढं साध्या वाक्यात लिहा, पुरे, असं ठरलं.

वर्तुळातला ‘आर’ मी पहिल्या नमुन्यात हौसेने काढला होता. वकिलांनी तो तिथल्या तिथे खोडला. नोंदणी झाल्याशिवाय तो छापणं गुन्हा आहे. अर्ज केल्यावर नुसतं ‘टीएम’ चालतं. ही चूक मी आधी दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या लेबलवर करून बसलोय, ते इथे कबूल करून टाकतो.

नंतर

खोकी आली. झाकणावर दोन ओळी, ‘दुसरा’ लहान आणि ‘वजीर’ मोठं, वेलांटीचा शेंडा मुकुटासारखा कापलेला. आत चौतीस खण. जादा वजिराच्या दोन खणांना मी वेगळा रंग दिला, गडद लाल. यातून एक गोष्ट घडली जिचा आम्ही विचार केला नव्हता. एकदा खरादीभाईंकडे लग्न होतं, माल कमी पडला, आणि बत्तीस सोंगट्यांचा संच तयार असून पाठवता येईना. पूर्वी दादा-ताईंनी तो पाठवून दिला असता आणि जादा वजीर मागाहून. आता खोकं उघडलं की दोन लाल खण रिकामे दिसतात आणि झाकणावर त्यांचंच नाव असतं. संच अकरा दिवस थांबला. ताई चिडल्या, गिऱ्हाइकाला दोनदा फोन करावा लागला. दादा मात्र खूश दिसले.

नमुन्याच्या चिठ्ठीवर ‘कालाघोडा’ आहे, बडोद्याच्या उच्चाराने, ‘ळ’ऐवजी ‘ल’. त्यावर आमचा हक्क नाही आणि मागितलेलाही नाही.

अर्ज अजून चालू आहे. गेल्या महिन्यात मी पैसे घ्यायला गेलो तेव्हा ताईंना इंदूरहून फोन आला. स्पीकर चालू होता. पलीकडचे गृहस्थ मराठीच, इंदुरी हेल काढून बोलणारे. “तो कालाघोडावाला सेट आहे ना तुमचा, तो पाहिजे होता. त्यात दुसरा वजीर फ्री येतो म्हणे?”

ताईंनी फोनवर हात ठेवला आणि दादांकडे बघितलं. दादांनी घोड्याच्या कानावरून पटाशी न उचलता सांगितलं, “फ्री नाही म्हणावं. किमतीत धरलाय.”